बंदराचा धोका-आढावा: आधी ओहोटी बघा, कॅमेऱ्याचं नंतर

मच्छीमार सोसायट्या आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायती सागरी सुरक्षेची फाइल बनवतात तेव्हा एक चूक हमखास होते. पहिल्याच पानावर कॅमेऱ्यांची संख्या असते. एका बंदरावर मी विचारलं, हे आठ कॅमेरे बघतात कुठे? सहा लिलावाच्या शेडकडे, दोन सोसायटीच्या ऑफिसकडे. म्हावरं चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेले कॅमेरे दहशतवादविरोधी उपाय म्हणून फाइलला लावले होते. समुद्राकडे तोंड असलेला एकही नव्हता.

आढाव्यातून तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. नको ती माणसं किंवा नको तो माल आपल्या हद्दीत कुठे उतरू शकतो? उतरला तर कुणाच्या नजरेला पडेल? आणि नजरेला पडल्यावर किती मिनिटांत पोलिसांना कळेल? बहुतेक गावं तिसऱ्या प्रश्नाला अडतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कफ परेडच्या मच्छीमारनगरात मुंबईवर हल्ला करणारे दहा दहशतवादी रबरी बोटीतून आले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं होतं, हटकलंही होतं. घोडं अडलं ते त्यापुढे.

खाली दिलेली पद्धत लहान-मध्यम बंदराला, खाडीकाठच्या गावाला पुरेशी आहे. दोन-तीन आठवडे लागतात. पाचव्या टप्प्यापर्यंत खिशाला फारसा हात घालावा लागत नाही, म्हणूनच कदाचित तिथपर्यंतचं काम कुणी नीट करत नाही.

## तयारी: माणसं आणि कागद

सुरुवात करण्याआधी तुमच्या सागरी पोलीस ठाण्यात जाऊन सांगा की आम्ही असा आढावा करतोय, एक कर्मचारी सोबत द्या. मागाहून फाइल नेऊन दिली की तिच्यावर पोचेचा शिक्का बसतो आणि विषय संपतो.

मग माणसं जमवा. चेअरमन, सेक्रेटरी, सरपंच, पोलीस पाटील हे असतातच, पण ते रात्री घरी झोपलेले असतात. खरी माहिती वेगळ्यांकडे असते:

- दोन जुने तांडेल (बोटीचे प्रमुख), एक डोल जाळ्याच्या बोटीचा आणि एक ट्रॉलरचा. दोघांची समुद्रातली वाट वेगळी.
- पहाटे धक्क्यावर येणाऱ्या दोन मासेविक्रेत्या. अनोळखी चेहरा यांच्याइतका लवकर कुणी टिपत नाही.
- बर्फ फॅक्टरीचा रात्रपाळीचा माणूस आणि डिझेल पंपावरचा माणूस.
- तरीच्या (फेरीबोटीच्या) धक्क्यावर तिकिटं फाडणारा, असल्यास.
- पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) क्रिकेट खेळणाऱ्या पोरांपैकी एखादा. कुठल्या पडक्या घरात रात्री कोण बसतं हे त्याला ठाऊक असतं.

कागद चारच: गावाचा नकाशा (हाताने काढलेला चालेल), होड्यांची नोंदणी क्रमांकासह यादी, खलाशांची ओळखपत्रांसह यादी आणि महिन्याचा भरती-ओहोटीचा तक्ता. तक्ता नसेल तर तांडेलांचा हिशेब आहेच, तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती.

सावध: ही फाइल म्हणजे तुमच्या गावाच्या उघड्या जागांची यादी आहे. तिच्या दोनच प्रती करा, एक सोसायटीच्या कपाटात कुलपात आणि एक सागरी पोलिसांकडे. एकाही पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये.

## टप्पा १: हद्द ठरवा

इथे अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ घालवू नका. उत्तरेला कुठवर, दक्षिणेला कुठवर, खाडीत किती आत, रस्त्याने कुठल्या फाट्यापर्यंत, एवढं नकाशावर पक्कं करा. शेजारच्या गावाच्या हद्दीला लागून असलेला पट्टा मात्र दोन्ही गावांनी बघायचा. “ते त्यांच्याकडे येतं” असं दोन्हीकडून ऐकू येतं ती जागा लाल पेनाने आधी खुणावून ठेवा.

## टप्पा २: तीन फेऱ्या पायी

गाडीवरून केलेली पाहणी धरू नका. चालायचं, आणि तेही तीन वेळा.

पहिली फेरी उधाणाच्या पूर्ण भरतीला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी कांदळवनातून थेट बांधापर्यंत येतं. एरवी जिथे गुडघाभर चिखल असतो तिथे होडी लागू शकते. एका खाडीत माझ्याबरोबरचे सेक्रेटरी छातीठोकपणे सांगत होते की या बाजूने कुणी येऊच शकत नाही. सोबतचा तांडेल नुसता हसला. पौर्णिमेच्या भरतीला आम्ही तिथेच पातीतून, म्हणजे छोट्या होडीतून, उतरलो, पायाला चिखलसुद्धा न लागता.

दुसरी फेरी पूर्ण ओहोटीला. खडकांमधल्या वाटा आणि वाळूचे उघडे पडणारे दांडे तेव्हाच दिसतात.

तिसरी रात्री, दोनच्या पुढे, शक्यतो अंधाऱ्या पंधरवड्यात. दिवा कुठे नाही आणि कुत्री कुठे भुंकत नाहीत, दोन्ही टिपा.

प्रत्येक जागेसाठी वहीत तीन ओळी लिहा: होडी इथे केव्हा लागू शकते, इथून डांबरी रस्ता चालत किती मिनिटांवर, इथलं काही कुणाच्या घरातून दिसतं का.

तपासा: तिन्ही फेऱ्यांनंतर यादीत पहिल्या दिवशी कुणालाच न सुचलेली किमान एक जागा यायला हवी. नसेल आली, तर फेरी खुर्चीत बसून झाली आहे.

## टप्पा ३: नेहमीचं काय, ते आधी लिहा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मग “संशयास्पद दिसल्यास कळवा” असा फलक लावून मोकळे होतात. पण संशयास्पद म्हणजे काय? नेहमीचं ठाऊक असल्याशिवाय वेगळं ओळखू येत नाही.

म्हणून तांडेल आणि मासेविक्रेत्यांना बसवून लिहून काढा. कुठल्या महिन्यात बोटी किती वाजता सुटतात, किती दिवसांनी परततात. बाहेरगावच्या कुठल्या बोटी बर्फ-डिझेलला येतात. एका फेरीला साधारण किती डिझेल लागतं. खलाशी कुठून येतात आणि ते कोण आणतं. पर्यटक कुठवर फिरतात, कुठे कधीच जात नाहीत.

एवढं झालं की वेगळेपण आपोआप पुढे येतं: बोट आहे पण जाळं नाही. जाळं आहे पण कोरडं ठणठणीत. नोंदणी क्रमांकावर रंग फासलाय. मासळी न विकता तीनदा येऊन डिझेल भरून गेली. तांडेल म्हणवतो पण वारा कुठला चाललाय ते सांगता येत नाही. कुणीतरी धक्क्याचे फोटो काढतोय आणि त्यात समुद्र नाहीच, नुसते खांब, फाटक आणि चौकी.

याच टप्प्यात परतीची नोंद पक्की करा. गेलेली बोट ठरल्या वेळेच्या १२ तासांत आली नाही आणि संपर्कही नाही, तर कुणी कुणाला कळवायचं? २००८ च्या हल्लेखोरांनी वापरलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट होती. ताब्यात घेतलेली बोट लांबून आपल्यातलीच दिसते. ती न परतणं, हीच तिच्याबद्दलची पहिली खबर असते. इंजिन बंद पडलं असेल असं म्हणून आपण दोन दिवस काढतो. इंजिनच बंद पडलं असेल, तरी मदत लवकर पोहोचेल, बिघडलं काय?

सावध: नोंद वागण्याची करायची. जात, धर्म, भाषा, तोंडवळा हे निकष फाइलमध्ये आले की फाइल बिघडली. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी वर्षानुवर्षं राबताहेत. त्यांच्याकडे रोज संशयाने पाहिलंत तर ते काही दिसलं तरी तुम्हाला सांगणार नाहीत आणि तुमचे डोळे तेवढे कमी होतील. शिवाय १९९३ चे मुंबईतले बॉम्बस्फोट आठवा. रायगडात दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली ती स्थानिक तस्करांच्या ओळखीने, आणि पैसे खाऊन काणाडोळा करणारे पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही पुढे दोषी ठरले. सगळे चेहरे ओळखीचेच होते.

## टप्पा ४: गुण द्या, पण शक्यतेला नको

धोका मोजायचं रूढ सूत्र असं आहे: हल्ल्याची शक्यता, जागेचा उघडेपणा आणि होणारा परिणाम, तिन्हींचा गुणाकार. गावपातळीवर पहिल्याच आकड्याशी गाडी घसरते. “आमच्याकडे शक्यता १” असं लिहिलं की सगळे गुणाकार लहान येतात आणि सगळे निवांत होतात. दहशतवादी हल्ला ही विरळ आणि ठरवून केलेली गोष्ट आहे. मागच्या वर्षी झाली नाही म्हणून यंदा होणार नाही, असा पावसासारखा सरासरीचा हिशेब इथे चालत नाही. शक्यतेचा अंदाज गुप्तवार्ता आणि पोलिसांवर सोडा. तुमच्या हातात उघडेपणा आणि परिणाम आहेत, त्यांना १ ते ५ गुण द्या.

उदाहरणादाखल एक गाव घेऊ. मुख्य धक्का: चोवीस तास वर्दळ, म्हणून उघडेपणा २, परिणाम ३, गुणाकार ६. तरीचा धक्का, रविवारी: उघडेपणा ३, दाटीने उभी माणसं, म्हणून परिणाम ५, गुणाकार १५. कांदळवनातली वाट: कुणाचीच नजर नाही, उघडेपणा ५, आणि परिणाम? तिथे तर चिटपाखरू नसतं, म्हणून समिती १ लिहून टाकते.

चूक इथेच होते. मच्छीमारनगर हे हल्लेखोरांचं लक्ष्य नव्हतंच. तिथून टॅक्स्या मिळत होत्या, आणि तासाभरात सीएसटी, ताज, लिओपोल्ड, ओबेरॉय, नरिमन हाऊसची नावं बातम्यांत होती. उतरण्याच्या जागेचा परिणाम रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला मोजायचा. कांदळवनातली वाट पंधरा मिनिटांत महामार्गाला मिळत असेल, तर परिणाम ४ आणि गुणाकार २०. यादीत तळाला असलेली जागा अशी वर येते.

गर्दीचे दिवस वेगळे धरा: नारळी पौर्णिमा, ग्रामदेवतेची पालखी, ३१ डिसेंबरची पुळण. त्या दिवशी घबराटीने झालेली चेंगराचेंगरीच स्फोटापेक्षा जास्त जीव घेऊ शकते. गर्दी बाहेर पडायच्या वाटा मोजणं म्हणूनच याच आढाव्याचा भाग आहे.

तपासा: सगळ्या जागांचे गुण ८ ते १२ च्या मध्येच आले असतील तर समितीने कुणाला दुखवायचं नाही असं ठरवलेलं दिसतंय. पुन्हा बसा.

## टप्पा ५: उपाय, स्वस्त ते महाग

सर्वांत वरच्या तीनच जागा घ्या. बारा जागांचे उपाय लिहिलेत तर एकही होत नाही.

1. पहिला प्रश्न: ही वाट बंदच करता येईल का? पडक्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर साखळी आणि कुलूप, एवढ्यानेही उघडेपणा दोन गुणांनी उतरतो.
2. मग माणसाची नजर. गस्तीची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलायची. दररोज रात्री ११ ला निघणारी गस्त कुणीही पाठ करू शकतो. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तशीच गस्तही सरकवा.
3. मग दिवा.
4. उरलेल्या पैशांत कॅमेरा. तो कोण बघणार, रेकॉर्डिंग किती दिवस राहणार आणि वीज गेल्यावर काय, या तिन्ही प्रश्नांना माणसाच्या नावासकट उत्तर मिळाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. खाऱ्या वाऱ्याने काच धुरकटते, ती पुसणारा कोण तेही लिहा.

यंत्रं आहेत म्हणून गावाने डोळे मिटायचे, असं चालत नाही. ३१ जुलै २०११ रोजी ‘एमव्ही पवित’ हे हजारेक टनांचं बेवारस जहाज थेट जुहूच्या किनाऱ्याला येऊन लागलं. खलाशांनी ते महिनाभर आधी ओमानजवळ सोडलं होतं. २००८ नंतर उभ्या राहिलेल्या तीन पदरी बंदोबस्तातून, म्हणजे किनाऱ्यालगत सागरी पोलीस, पुढे तटरक्षक दल आणि त्यापुढे नौदल, ते वाहत आलं. किनाऱ्यावरचे रडार आता वाढलेत हे खरं. पण जहाजाची ओळख सांगणारी स्वयंचलित यंत्रणा २० मीटरहून मोठ्या बोटींनाच सक्तीची झाली. आपल्या बहुतेक होड्या त्याहून लहान आहेत.

सावध: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, आणि पुष्कळ गावं गस्तही बंद ठेवतात ती पार नारळी पौर्णिमेपर्यंत. पण पश्चिमेचा वारा नेमका याच दिवसांत समुद्रावरचं सगळं किनाऱ्याला आणून टाकतो. ‘पवित’ जुलैअखेर आलं. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला तीन एके-४७ रायफली असलेली ‘लेडी हान’ ही नौका लागली. दापोली-श्रीवर्धनच्या पुळणीवर चरसची पाकिटं सापडली तीही ऑगस्टमध्ये, २०२३ च्या. पावसाळी गस्तीचं वेगळं पान करा.

## टप्पा ६: कळवण्याची साखळी

आढाव्यातला सर्वाधिक वेळ मी इथे देतो.

गावाची नेहमीची साखळी अशी असते: मासेविक्रेती नवऱ्याला सांगते, तो सोसायटीच्या सदस्याला, सदस्य चेअरमनला, चेअरमन सरपंचाशी बोलतो, आणि “उगाच कशाला, सकाळी बघू” असं ठरतं. पाच कड्या आणि प्रत्येकीत थोडी भीड. नियम एकच करा: ज्याने पाहिलं त्यानेच फोन करायचा, आधी पोलिसांना, मग चेअरमनला. चुकीचा निघाला तरी कुणी थट्टा करायची नाही, हे ग्रामसभेत उघडपणे सांगा. फोन न करण्यामागे धोक्याची भीती क्वचितच असते, हसं होण्याची फार असते.

नंबर तीन. किनाऱ्यावर काही दिसलं तर सागरी सुरक्षेचा १०९३. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४, किंवा व्हीएचएफ वायरलेसचं चॅनल १६. काहीच आठवलं नाही तर ११२. बर्फ फॅक्टरीच्या दारावर, डिझेल पंपावर आणि प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये ते ऑइलपेंटने रंगवा. छापील स्टिकर एका पावसाळ्यात उडतात.

फोनवर काय बोलायचं तेही घोकून घ्या. “साहेब, एक बोट दिसतेय, लवकर या” यातून पलीकडच्याला काहीच कळत नाही. असं सांगा:

- मी कोण, कुठून बोलतोय.
- काय पाहिलं, किती वाजता.
- नेमकं कुठे: दीपगृह, बुरूज, पूल अशा खुणेपासून कुठल्या दिशेला, किती लांब.
- किती माणसं, अंगावर काय, हातात काय.
- बोटीचा रंग, क्रमांक, इंजिनाचा आवाज.
- आता ते कुठल्या दिशेने चाललेत.

तपासा: अंदाज न देता रात्री दहा वाजता एका मासेविक्रेतीला विचारा, “आत्ता कांदळवनात अनोळखी बोट दिसली तर काय करशील, मावशी?” ती जे सांगेल तीच तुमच्या गावाची खरी साखळी. फाइलमधली खोडा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष काही सापडलं तर

समुद्रात. जवळ जाऊ नका, पाठलाग नको, आडवं घालणं तर मुळीच नको. अंतर राखा, आपली वाट बदलू नका, कळवा. लांबून मोबाईलने फोटो जमला तर ठीक.

किनाऱ्यावर. वाहून आलेली पेटी, पिंप, बोया (पाण्यावर तरंगणारी खूण), सोडलेली बोट, बेवारस पिशवी यांना हात लावायचा नाही, हलवायचं नाही, उघडायचं नाही, पाणी ओतायचं नाही. पिशवीएवढ्या वस्तूपासून किमान १०० मीटर, गाडी असेल तर किमान २०० मीटर लोकांना मागे घ्या, भिंतीआड. वस्तूपाशी उभं राहून फोन किंवा वॉकीटॉकी वापरू नका. आधी लांब जा, मग बोला. दुसरी वस्तू आसपास असू शकते, म्हणून लोकांना जिथे उभं करताय ती जागाही नजरेखालून घाला.

वाहून आलेल्या मालाबाबत कोकणात एक जुनी सवय आहे: समुद्राने दिलं ते आपलं. लाकडाचा ओंडका असेल तर घरी न्या बापडे. बंद पेटी मात्र जागची हलवायची नाही.

अनोळखी माणूस. विचारपूस करायला हरकत नाही: कुठले, कुणाकडे आलात, कुठल्या बोटीवर? अंगाला हात लावायचा नाही, डांबून ठेवायचं नाही. रात्री गस्तीवर पोरं असतात, हातात काठ्या असतात, आणि वाट चुकलेल्या पर्यटकाला मार बसायला वेळ लागत नाही. तसं झालं तर गुन्हा गस्तीवाल्यांवर दाखल होतो आणि दुसऱ्या दिवसापासून गस्त बंद पडते.

अफवा. जुलै २०२५ मध्ये रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात संशयास्पद बोट असल्याची खबर आली आणि मोठी शोधमोहीम झाली. शेवटी निघाला तो पाकिस्तानी मासेमारी जाळ्याचा वाहून आलेला बोया. कळवणाऱ्यांनी कळवलं आणि यंत्रणेने शोधलं, हे योग्यच झालं. ‘लेडी हान’चंही तसंच. हत्यारं होती, पण नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, इंजिन बिघडल्याने समुद्रात सोडलेली होती. घातपाताचा संबंध निघाला नाही. घोटाळा होतो तो पोलिसांआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला कळवल्यावर. तासाभरात बघ्यांची गर्दी त्याच वस्तूभोवती उभी राहते.

## टप्पा ८: सराव

‘सागर कवच’ सरावात सुरक्षा दलांचीच एक तुकडी घुसखोर होऊन किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करते. गावं त्या दिवशी कडक पहारा देतात, कारण तारीख कानावर आलेली असते. तो सराव हवाच, पण गावाचा स्वतःचा एक छोटा सराव वर्षातून दोनदा करा, सागरी पोलिसांना आधी लेखी कळवून. दुसऱ्या गावच्या ओळखीच्या दोघांना यादीतल्या पहिल्या क्रमांकाच्या जागेवर उतरवा. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत चालू द्या. घड्याळ लावा.

मिनिटं दोन मोजायची: पहिल्या माणसाने पाहिलं ती आणि पोलीस ठाण्यातला फोन वाजला ती. यातलं अंतर हाच तुमच्या आढाव्याचा निकाल. एका गावात पहिल्या वेळी ते ४७ मिनिटं निघालं. पाहणारा माणूस सोसायटीचा नंबर लावत बसला होता आणि सोसायटीला कुलूप होतं.

सावध: सरावात नकली हत्यारं, फटाके, चेहरा झाकणं काहीही नको. गावात कुणाकडे परवान्याची बंदूक असू शकते.

## टप्पा ९: पुन्हा कधी बघायचं

वर्षातून दोन वेळा: जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, बोटी सुटण्याआधी, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, पर्यटक यायच्या आधी. त्याखेरीज नवा पूल, नवी जेट्टी, नवं रिसॉर्ट झालं, वाळू सरकून खाडीचं मुख बदललं, किंवा नव्या ठेकेदाराने खलाशी आणले, की तेवढं पान बदला. फाइल सगळी नव्याने टाइप करायची गरज नाही. बदललेल्या ओळीसमोर तारीख आणि सही पुरे.

आणि दर वेळी, बाकी काही करायच्या आधी, यादीतला प्रत्येक नंबर स्वतः फिरवून बघा. पहिला नंबर बहुधा दीड वर्षापूर्वी बदली होऊन गेलेल्या साहेबांचा असतो.